काम आणि मानसिक आरोग्य: संशोधनातून काय हाती लागले आहे

नोकरीच्या ताणाने माणूस खचतो, असे एकीकडे म्हटले जाते आणि हाताला काम नसले की माणूस खचतो, असेही तितक्याच खात्रीने म्हटले जाते. ही दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे समजून घेण्यासाठी समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ जवळपास शंभर वर्षे धडपडत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरातील काम करण्याच्या वयाच्या प्रौढांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता, तर केवळ नैराश्य आणि चिंताविकार यांच्यामुळे दर वर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. हे आकडे भाषणांत आणि अहवालांत वारंवार येतात, परंतु ते वाचताना एक गफलत हमखास होते. या विकारांना काम कारणीभूत आहे, असे हे आकडे म्हणत नाहीत. काम करण्याच्या वयातल्या इतक्या लोकांना हा त्रास आहे आणि त्यापायी कामाचे इतके नुकसान होते, एवढेच त्यांतून कळते. काम मनाला आजारी पाडते का, पाडत असेल तर कोणते काम आणि कशामुळे, हे शोधून काढणे ही पूर्णपणे वेगळी आणि बरीच अवघड गोष्ट आहे.

या शोधाची सुरुवात काम नसलेल्या माणसांपासून झाली. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे एक गाव होते आणि ते संपूर्ण गाव एका कापड गिरणीवर जगत होते. जागतिक मंदीच्या तडाख्यात १९२९-३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली आणि गावातल्या बहुतेक कुटुंबांची मिळकत थांबली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तरुण संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह या गावाचा अभ्यास केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते निरीक्षक म्हणून गावात कोणी वावरायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडायचे, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. त्यामुळे त्यांनी कपडे वाटले, दवाखाना चालवला, शिवणकामाचे वर्ग घेतले आणि हे करता करता नोंदी केल्या.

त्यांची मोजमापाची पद्धत आजही थक्क करते. गावाच्या मुख्य रस्त्यावर आडोशाला बसून, हातात घड्याळ घेऊन, ये-जा करणारी माणसे किती वेगाने चालतात आणि वाटेत कितीदा थांबतात, याची त्यांनी नोंद घेतली. बेकार झालेले पुरुष रेंगाळत चालत आणि थोड्या थोड्या अंतरावर थांबत. स्त्रियांची चाल झपझप होती, कारण गिरणी बंद पडली तरी घरातल्या चुली, मुले आणि धुणीभांडी बंद पडली नव्हती. पुरुषांना दिवसभराचा तासागणिक तपशील कागदावर लिहायला सांगितले, तेव्हा उठणे, जेवणे आणि झोपणे यांच्या मधल्या वेळात आपण काय केले हे बहुतेकांना सांगता येईना. वेळ तर भरपूर हाती होता, म्हणून वाचन वाढायला हवे होते. प्रत्यक्षात पूर्वी लागणारे शुल्क रद्द होऊनही गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. एकेकाळी राजकीय चळवळीत उत्साहाने भाग घेणारे लोक सभांना फिरकेनासे झाले. बेकारीमुळे लोक चवताळून उठतील, ही त्या काळातली अनेकांची अपेक्षा होती, पण मारिएन्थालमध्ये लोक आतून विझत गेले.

याहोडा यांनी या निरीक्षणांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. नोकरीतून पगार मिळतो हे उघडच आहे, पण त्याबरोबर आपण ज्यांची कधी मोजदाद करत नाही अशा काही गोष्टीही मिळतात, असे त्यांचे म्हणणे होते. नोकरीमुळे दिवसाला आकार येतो, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध राहतो, एकट्याने जे साधणार नाही अशा कामात आपला वाटा असतो, समाजात आपण कोण आहोत हे ठरते आणि मनात असो वा नसो, हातपाय हलवावे लागतात. नोकरी गेली की हे सगळे एकाच दिवशी जाते. बेकारभत्ता पुरेसा मिळाला तरी अनेकांचे मन सावरत नाही, याचे एक सयुक्तिक स्पष्टीकरण इथे मिळते. मात्र पैशाची चणचण हे स्वतःच मनावरचे मोठे ओझे असते, हेही नंतरच्या अभ्यासांनी ठामपणे दाखवले आहे, त्यामुळे या मांडणीचा आधार घेऊन भत्त्याचे महत्त्व कमी लेखणे चुकीचे ठरेल.

एका गावावरून जगाविषयी बोलता येत नाही, हा आक्षेप रास्त होता. कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर या जर्मन संशोधकांनी २००९ मध्ये तीनशेहून अधिक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा मानसिक त्रासाची लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण बेरोजगारांमध्ये ३४ टक्के आणि नोकरदारांमध्ये १६ टक्के निघाले. हा फरक दुपटीहून अधिक आहे. तरीही इथे एक शंका घ्यावीच लागते, कारण ज्याचे मन आधीपासून आजारी आहे त्याची नोकरी टिकणे आणि नवी मिळणे हेही कठीण असते. म्हणजे बाण दोन्ही दिशांनी जाऊ शकतो. ही गाठ सोडवण्यासाठी संशोधक दोन मार्ग वापरतात. त्याच माणसांना नोकरीत असताना, ती गेल्यावर आणि पुन्हा मिळाल्यावर पुनःपुन्हा प्रश्न विचारायचे, हा पहिला मार्ग. संपूर्ण कारखाना बंद पडतो अशा घटना शोधायच्या, हा दुसरा. कारखाना बंद पडला की मनाने खंबीर असलेला आणि नसलेला, दोघेही एकाच दिवशी बेकार होतात, त्यामुळे नोकरी जाण्याचे कारण माणसाच्या स्वभावात शोधता येत नाही. दोन्ही मार्गांनी उत्तर साधारण सारखेच आले: आधीच्या आजारामुळे नोकरी जाणे हा प्रकार खरा आहे, पण तुलनेने लहान आहे, नोकरी जाण्यामुळे मन ढासळणे हा त्याहून मोठा आहे.

इथवर वाचून कोणतीही नोकरी बेकारीपेक्षा बरी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि अनेक सरकारी धोरणे याच गृहीतकावर उभी आहेत. २०११ मध्ये पीटर बटरवर्थ आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील सात हजारांहून अधिक लोकांच्या अनेक वर्षांच्या माहितीच्या आधारे हे गृहीतक तपासले. नोकरीचा दर्जा त्यांनी चार गोष्टींवरून ठरवला: कामाचा बोजा व गुंतागुंत, कामावरचा स्वतःचा ताबा, नोकरीची शाश्वती आणि कष्टांच्या मानाने मिळणारा मोबदला. चांगल्या दर्जाची नोकरी लागलेल्या बेरोजगारांचे मानसिक आरोग्य सुधारले, परंतु वाईट दर्जाची नोकरी लागलेल्यांचे आरोग्य, बेकारच राहिलेल्यांच्या तुलनेत, अधिक बिघडले. तरानी चंदोला आणि नान झांग यांनी २०१८ मध्ये ब्रिटनमधील एक हजाराहून अधिक बेरोजगारांच्या रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा शारीरिक खुणा तपासल्या, तेव्हा तिथेही वाईट नोकरीत गेलेल्यांच्या शरीरावर दीर्घकालीन ताणाचे ओरखडे बेकार राहिलेल्यांपेक्षा जास्त दिसले. या संपूर्ण क्षेत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे निष्कर्ष हेच आहेत, कारण ते ‘काम हवे की नको’ या निष्फळ वादातून आपल्याला बाहेर काढतात आणि नोकरीच्या अंतरंगाकडे बघायला लावतात.

नोकरीच्या अंतरंगात काय पाहायचे, याचे सर्वांत प्रभावी उत्तर रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दिले. स्वीडन आणि अमेरिकेतील कामगारांच्या माहितीवरून त्यांनी असे मांडले की कामाचा बोजा एकट्याने तितका घातक नसतो. बोजा मोठा आणि ते काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा मात्र तुटपुंजी, ही जोडी घातक असते. एक उदाहरण घेऊ. कॉल सेंटरमध्ये बसलेल्या कर्मचाऱ्यासमोरच्या पडद्यावर प्रत्येक कॉल किती सेकंद चालला ते दिसत असते, काय बोलायचे ते आधीच लिहून दिलेले असते, समोरचा ग्राहक ओरडला तरी कॉल आपण होऊन कापता येत नाही आणि शौचालयात जायचे तरी पडद्यावर तशी नोंद करून जावे लागते. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर कदाचित याहून जास्त काम साचलेले असेल, पण कोणते आधी हातात घ्यायचे, कोणते दुसऱ्याकडे सोपवायचे, कोणत्या बैठकीला नाही म्हणायचे, हे तो ठरवू शकतो. दोघेही संध्याकाळी थकून घरी जातात, परंतु कारासेक यांच्या सिद्धांतानुसार पहिल्याचा थकवा मनात साठत जातो. पुढे यात तिसरी बाब जोडली गेली, ती सहकाऱ्यांच्या आणि वरिष्ठांच्या आधाराची.

जर्मन समाजशास्त्रज्ञ योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये याच प्रश्नाकडे न्यायाच्या बाजूने पाहिले. माणूस कामात जे ओततो आणि त्या बदल्यात पगार, मान, बढतीची संधी व नोकरीची हमी या रूपांनी त्याला जे परत मिळते, त्यांच्यातली तफावत दीर्घकाळ टिकली तर आरोग्य बिघडते, असे त्यांनी मांडले. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल दोन’ या विख्यात पाहणीत दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष सहभागी होते आणि तिथे या दोन्ही कल्पनांची कसोटी लागली. निर्णयाधिकार नसणे, कामाचा बोजा जास्त असणे, आधार नसणे आणि कष्ट व मोबदला यांचा मेळ नसणे, या साऱ्यांचा संबंध पुढे उद्भवणाऱ्या मानसिक त्रासाशी असल्याचे त्या पाहणीत दिसले. हे सगळे कर्मचारी कचेरीत बसून काम करणारे, सुस्थिर नोकरीतले होते. उपासमार किंवा विषारी धूर यांचा तिथे प्रश्नच नव्हता, त्यामुळे कामाच्या रचनेचा परिणाम त्यांच्यात वेगळा ओळखता आला.

आता हे संबंध कितपत पक्के आहेत, याकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण बातम्यांमध्ये हा भाग नेहमी गाळला जातो. नोकरीविषयीची बहुतेक माहिती प्रश्नावलीतून गोळा होते. ‘माझ्या कामात मला स्वतः निर्णय घेता येतात’ अशा वाक्यापुढे कर्मचारी सहमती किंवा असहमती नोंदवतो. अडचण अशी की नैराश्याची सुरुवात झालेल्या माणसाला स्वतःची नोकरी, स्वतःचे घर आणि स्वतःचे भविष्य सगळेच काळवंडलेले दिसते. त्याने आपल्या नोकरीला वाईट म्हटले, तर नोकरीमुळे नैराश्य आले की नैराश्यामुळे नोकरी वाईट दिसली, हे सांगणे कठीण असते. यावर उपाय म्हणून काही संशोधक त्या व्यक्तीचे उत्तर बाजूला ठेवतात आणि त्याच प्रकारचे काम करणाऱ्या असंख्य लोकांच्या उत्तरांची सरासरी तिला लागू करतात. काही जण त्रास मोजण्यासाठीही प्रश्नावली टाळून रुग्णालयातील निदानाच्या नोंदी वापरतात.

दुसरी अडचण प्रसिद्धीची आहे. ज्या अभ्यासात ठळक परिणाम दिसतो तो छापून येतो, ज्यात काही दिसत नाही तो कपाटात राहतो. इडा मॅडसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याचा छडा लावला. बोजा जास्त आणि मुभा कमी अशा नोकरीमुळे नैराश्याच्या वैद्यकीय निदानाचा धोका किती वाढतो, हे त्यांनी आधी छापून आलेल्या अभ्यासांवरून काढले, तेव्हा तो १.७७ पट आला. नंतर त्यांनी युरोपातील १४ दीर्घकालीन पाहण्यांमधील एक लाख वीस हजारांहून अधिक लोकांची, या प्रश्नासाठी पूर्वी न वापरलेली मूळ माहिती घेतली, तेव्हा तोच धोका १.२७ पट निघाला. समजा, बऱ्या नोकरीतल्या हजार जणांपैकी वीस जणांना ठरावीक काळात असे नैराश्य येणार असेल, तर पहिल्या हिशेबाने वाईट नोकरीतल्या हजारांपैकी पस्तीस जणांना ते येईल आणि दुसऱ्या हिशेबाने पंचविसांना. दोन्ही हिशेबांत वाढ आहे, पण तिचा आकार फार वेगळा आहे. मला दुसरा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो. तो लहान आहे म्हणून दुर्लक्ष करण्याजोगा मात्र नाही, कारण अशा नोकऱ्या करणाऱ्यांची संख्याच प्रचंड आहे.

कामाच्या तासांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये केलेल्या संयुक्त अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करण्यामुळे २०१६ मध्ये पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. नैराश्याविषयी मात्र त्याच उपक्रमातील पडताळणीत पुरावा अपुरा ठरला. तास फार वाढले की मन बिघडते असे आपल्याला स्वाभाविकपणे वाटते, परंतु ते तास कोण, कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत घालतो यावर बरेच काही अवलंबून असल्याने सरसकट उत्तर मिळत नाही. बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पार थकून जाणे, हा शब्द आता सर्रास वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आहे, आजार म्हणून केलेली नाही. ज्याला महिनोन्महिने झोप नाही, कशातच रस उरलेला नाही किंवा जगणे नकोसे वाटते आहे, त्याच्या त्रासाला बर्नआउट म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकते, त्यावर चांगले उपचार उपलब्ध आहेत आणि त्यासाठी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.

मग उपाय कोणते लागू पडतात? कंपन्यांना सर्वांत सोपे वाटणारे उपाय कर्मचाऱ्याला बदलू पाहतात: ध्यानधारणेचे ॲप, ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा, खंबीर मनाचे प्रशिक्षण. ऑक्सफर्ड विद्यापीठातील विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. अशा उपक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. अपवाद होता तो स्वयंसेवी कामाच्या संधीचा. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे आधीच त्रासात असलेले लोक या उपक्रमांकडे जास्त वळले असण्याची शक्यता उरते. उलट बाजूची शक्यताही तितकीच खरी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने आपल्या हजारो कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून आरोग्य-उपक्रमाची चाचणी घेतली, तेव्हा अशा उपक्रमांत मुळातच धडधाकट माणसे जास्त येतात आणि म्हणून ते उपक्रम कागदावर यशस्वी दिसतात, हे स्पष्ट झाले. गट न्याय्यपणे पाडल्यावर वैद्यकीय खर्च, सवयी आणि गैरहजेरी यांत पहिल्या वर्षात लक्षणीय फरक उरला नाही. वैयक्तिक समुपदेशन किंवा ध्यान यांचा कोणालाच उपयोग होत नाही, असा याचा अर्थ नाही. पण कामाची रचना आहे तशीच ठेवून माणसाला ती सोसायला शिकवण्याने मोठा पल्ला गाठला जात नाही, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

वरिष्ठांना शिकवण्याचा अनुभव अधिक आशादायक आहे. ऑस्ट्रेलियातील एका अग्निशमन सेवेत १२८ अधिकाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्यात आले आणि एका गटाला केवळ चार तासांचे प्रशिक्षण दिले गेले: मानसिक त्रासाची चिन्हे कशी ओळखावीत, त्या व्यक्तीशी बोलणे कसे सुरू करावे आणि ती रजेवर असताना संपर्क कसा ठेवावा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या हाताखालील जवानांची कामाशी संबंधित आजारपणाची रजा घटली आणि दुसऱ्या गटात ती वाढली. आजारी माणसाला फोन करावा की करू नये, या संकोचातच अनेक वरिष्ठ गप्प बसतात आणि रजेवर असलेल्याला ती शांतता नकाराची वाटते. चार तासांत तो संकोच दूर होत असेल, तर हे प्रशिक्षण सर्वत्र का दिले जात नाही, याचे उत्तर संस्थांनी द्यायला हवे.

तीव्र मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत तर संशोधनाने जुनी समजूत उलटवली. आधी बरे व्हा, मग प्रशिक्षण घ्या, मग संरक्षित वातावरणात सराव करा आणि शेवटी जमले तर नोकरी करा, असा क्रम दीर्घकाळ रूढ होता आणि बहुतेक रुग्ण शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतच नसत. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतील न्यू हॅम्पशरमध्ये हा क्रम उलटा केला: ज्याला काम करायचे आहे त्याला त्याच्या आवडीची खरी, बाजारभावाने पगार देणारी नोकरी लवकरात लवकर मिळवून द्यायची आणि नंतर उपचार करणाऱ्या चमूतल्याच एका व्यक्तीने त्याच्यामागे खंबीरपणे उभे राहायचे. युरोपातील सहा केंद्रांवर ३१२ रुग्णांसह झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ५५ टक्के रुग्णांना किमान एक दिवस तरी नोकरी मिळाली, तर नेहमीच्या पद्धतीने २८ टक्क्यांना. किमान एक दिवस ही कसोटी सौम्य आहे हे खरे, पण कामाच्या ताणाने आजार उलटेल ही भीती खोटी ठरली. पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागणाऱ्यांचे प्रमाण नव्या पद्धतीत २० टक्के आणि जुन्या पद्धतीत ३१ टक्के होते.

या संपूर्ण ज्ञानाची एक मोठी मर्यादा आहे. वर आलेले जवळपास सगळे अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत आणि त्यांतले लोक एक तर नोंदणीकृत नोकरीत होते किंवा भत्ता मिळणाऱ्या बेकारीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २०० कोटी लोक, म्हणजे एकूण कामकऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक, असंघटित कामात आहेत. त्यांना आजारपणाची रजा नसते, त्यामुळे रजेचे दिवस मोजून त्यांचा त्रास मोजता येत नाही. ज्याला आजचे काम आज शोधावे लागते आणि ज्याचा मालक दर आठवड्याला बदलतो, त्याच्यासाठी ‘वरिष्ठांचा आधार’ किंवा ‘बढतीची संधी’ हे प्रश्नावलीतले रकाने रिकामेच राहतात. त्याचा दिवस कशाने मोडतो आणि कशाने सावरतो, हे समजण्यासाठी कचेऱ्यांसाठी बेतलेल्या प्रश्नावल्या पुरणार नाहीत. मारिएन्थालच्या संशोधकांप्रमाणे त्याच्या वस्तीत जाऊन, त्याच्या उपयोगी पडत, मोजमापाची साधने तिथे नव्याने घडवावी लागतील.